टायरच्या कडेवरचे आकडे

मामाजींना नागपूरच्या डॉक्टरांना दाखवून परत आणलं, त्या दिवशी गाडीतून उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही. दाराच्या वरच्या कडेला धरून, एक पाय फाटकासमोरच्या मातीत आणि एक पाय अजून गाडीतच, असे ते बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं, "मामाजी, दुखतंय का?" त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. नंतर काठी टेकत ते आत गेले आणि पुढचे दोन दिवस बिछान्यावरून उठले नाहीत.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या यवतमाळकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात, आणि लग्न होऊन आदिलाबादला आले तेव्हा इथंही तोच शब्द ऐकून मला बरं वाटलं होतं. त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंगणात कपडे वाळत घालताना ते घसरले आणि पाठीचा एक मणका दबला. ऑपरेशन नको, पट्टा बांधा, दीड महिन्यानं दाखवायला आणा आणि धक्के बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझे पती हैदराबादला बँकेत होते, शनिवारी यायचे. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे घरात आम्ही दोघंच. मी मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि ते सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले, अतिशय कमी बोलणारे गृहस्थ.

कमी बोलणारे म्हणजे किती, ते सांगायला हवं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी मला एका वेळी तीन वाक्यांच्या वर काही सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्यामार्फत निरोप यायचे. त्या गेल्यावर चहाचा कप ओट्यावर कुठं ठेवला आहे, यावरून मी अंदाज बांधायची. कप उलटा ठेवला असेल तर आणखी नको, सुलटा असेल तर अर्धा कप चालेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता मी नागपूरले जात नाई."

"काय झालं?"

"गाडीत बसलो का मनक्यात खिळा ठोकल्यावानी होते. येकेका पुलावर येक येक खिळा."

मी चकित झाले. हायवे चौपदरी होता, नवा होता, आणि आमची गाडी त्याहून नवी दिसत होती. दोन वर्षांपूर्वी पतींनी ती हैदराबादला कुणाकडून तरी वापरलेली घेतली होती. आधीच्या मालकानं हौसेनं तिला मोठी, चंदेरी, चकचकीत चाकं बसवून घेतली होती. शाळेत मी ती पहिल्यांदा नेली तेव्हा तेलुगू शिकवणाऱ्या बाईंनी चाकांसोबत फोटो काढला होता. अशा गाडीत माणसाच्या मणक्यात खिळे कसे बसतील?

"रस्ता तर चांगला आहे, मामाजी."

"रस्ता चांगलाच हाये. मी रस्त्याले काई म्हनून नाई राह्यलो."

मग त्यांनी आणखी एक वाक्य बोलून दिवसाचा कोटा संपवला. ते म्हणाले की सरकारी बसमध्ये पुढच्या सीटवर बसलं तर एवढं लागत नाही.

दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. बस जुनी, खडखडणारी. तिचा खडखडाट लागत नाही आणि आमच्या गाडीचा साधा पुलाचा सांधा लागतो. असं का? मुलांना मी दाब म्हणजे काय, बल म्हणजे काय ते रोज शिकवत होते, पण ज्या चार वस्तूंवर मी रोज शाळेत जात होते त्यांच्याकडं वाकून कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर मी गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवी बसले. चंदेरी चाकाभोवती रबर अगदी थोडं होतं, भाकरीच्या जळक्या कडेएवढं. त्या रबरावर उठावाच्या अक्षरांत आकडे होते : २०५/४५ आर १७.

"काय वाचून राह्यली?"

मामाजी काठी घेऊन दारात उभे होते. मी आकडे वाचून दाखवले. त्यांनी भुवया वर केल्या.

"दोनशे पाचले पंचेचाळीस? हा कोन्या गावचा सर्व्हे नंबर हाये?"

ते विनोद करत आहेत हे समजायला मला क्षणभर वेळ लागला. शेतांच्या नंबरांना असेच पोटहिस्से असतात, आणि त्यांनी सारी नोकरी त्यात घातली होती. मी हसले. तेही हसले असावेत. मिशीमुळे नक्की सांगता येत नाही.

त्या दिवशी मी फोनवर शोधून शोधून ते आकडे समजून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितले. दोनशे पाच म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पंचेचाळीस म्हणजे रबराच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या शेकडा पंचेचाळीस. आर म्हणजे आतले धागे कसे विणलेत त्याची खूण. आणि सतरा म्हणजे आतल्या चाकाचा व्यास, तो इंचांत.

मामाजी खुर्चीत पुढं सरकले. "येका वळीत तीन मापं? मिलिमीटर, टक्का अन् इंच?"

"हो."

"आमी असं लिवलं असतं त साहेबानं मिसल तोंडावर फेकली असती." मिसल म्हणजे फाइल. निजामाच्या काळातला तो शब्द त्यांच्या तोंडी पक्का बसला होता. "मंग रबर किती उंच झालं?"

"ब्याण्णव मिलिमीटर. चार बोटं धरा."

"अन् कंपनीतून निघाली तवा किती होतं?"

हे मला सुचलंच नव्हतं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर होता, तोही मी कधी वाचला नव्हता. त्यावर कंपनीचं मूळ माप दिलं होतं : १८५/६५ आर १५. म्हणजे चाक दोन इंचांनी लहान आणि रबराची भिंत एकशे वीस मिलिमीटर. आधीच्या मालकाच्या हौसेनं आमच्या गाडीतून एका बोटाहून जास्त रबर काढून टाकलं होतं.

"म्हणजे मोठ्या चाकामुळं धक्के बसतात," मी निकाल दिला.

"चूक," मामाजी म्हणाले.

ते अगदी ठामपणे म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, आणि हे त्यांच्याकडून ऐकलेलं पहिलं लांब बोलणं. ते नोकरीत नवे होते तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके तोडून पलीकडच्या राज्यात दिले गेले. भाषेप्रमाणे राज्यं झाली त्या वेळची गोष्ट. जमिनीचे नकाशे आणि मिसली पेट्यांत भरून बैलगाड्यांवरून न्यायच्या होत्या, आणि एका गाडीवर पेट्यांसोबत मामाजींना बसवलं होतं. एका गाडीची चाकं छातीएवढी उंच होती, दुसरीची लहान. "लहान चाकाची गाडी दर खड्ड्यात उतरे. मोठ्या चाकाची वरच्या वर जाये. मोठं चाक खड्ड्यात मावतच नाई त पडन कसं? मंग तू मोठ्या चाकाले काऊन दोष देऊन राह्यली?"

त्यांचं बरोबर होतं. पण गाडीत खिळे बसत होते हेही खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? मी वहीत दोन वर्तुळं काढली आणि हिशेब केला. सतरा इंची चाक आणि त्यावरचं बारीक रबर मिळून पूर्ण व्यास सहाशे सोळा मिलिमीटर. मूळ पंधरा इंची चाक आणि त्यावरचं जाड रबर मिळून सहाशे एकवीस. म्हणजे जमिनीवर फिरणारं चाक जवळजवळ तेवढंच होतं. वाढलं होतं ते आतलं धातूचं वर्तुळ, आणि त्यानं रबराची जागा खाल्ली होती. बैलगाडीला मोठं चाक म्हणजे खरोखर मोठं चाक. आमच्या गाडीला मोठं चाक म्हणजे तेवढ्याच चाकात जास्त धातू.

मामाजींनी वही हातात घेऊन ती दोन वर्तुळं नीट पाहिली. "तुजं बी बरोबर, माजं बी," ते म्हणाले. पण कागदावर त्यांचा विश्वास कमी. प्रत्यक्ष पैमाइश, म्हणजे मोजणी, झाल्याशिवाय ते काही मान्य करत नसत. रविवारी त्यांनी मला टायरवर खडूनं रेघ मारायला लावली, जमिनीवर दुसरी, आणि गाडी पुढं घ्यायला सांगितली. पती त्या दिवशी घरी होते. ते फाटकापाशी उभे राहून "हे काय चाललंय?" असं विचारत होते. टायरवरची रेघ पुन्हा जमिनीला लागली तिथं मामाजींनी काठी रोवली. टेप धरला. एक मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर.

माझ्या वहीत एक मीटर साडेत्र्याण्णव आलं होतं.

"साडेपाच सेंटिमीटर गेले कुठं?" मामाजींनी विचारलं.

मी पुन्हा मोजायला लावलं. तेवढंच आलं. तिसऱ्यांदाही तेवढंच. पतींना वाटलं टेपच जुना आहे. सर्व्हेच्या माणसाला टेप जुना आहे म्हणणं ही आमच्या घरात फार मोठी आगळीक होती, आणि मामाजींनी त्यांच्याकडं तसंच पाहिलं. सोमवारी शाळेत मधल्या सुट्टीत मला ते सापडलं. मी हिशेब केला होता तो हवेत लटकलेल्या टायरचा. जमिनीवर गाडीचं वजन त्याला दाबतं, खालून तो चपटा होतो आणि लहान वर्तुळासारखा चालतो. ते साडेपाच सेंटिमीटर त्या दबण्यात गेले होते. आणि खड्डा येतो तेव्हा टायर आणखी दबतो, म्हणून वरच्या माणसाला कमी दबावं लागतं. रबर बारीक असेल तर दबायला जागाच उरत नाही. मग बाकीचं माणसाच्या मणक्यानं दबायचं.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामाजींनी पाठीचा पट्टा चाचपला. मग म्हणाले, "म्हंजे मी टायरचं काम करून राह्यलो होतो."

त्यानंतर आमचं रोजचं काहीतरी चालूच राहिलं. धक्का मोजायचा कसा, हा प्रश्न होता. मामाजींनी पेटीतून पितळेचा ओळंबा काढला आणि गाडीच्या दारावरच्या धरायच्या मुठीला टांगला. पण तो वळणावर झुलायचा, खड्ड्यावर फक्त थरथरायचा. मग त्यांनी स्टीलची ताटली आणि ज्वारी आणायला सांगितली. शंभर दाणे मोजून ताटलीत पसरले. मी ताटली सीटवर ठेवू लागले तर म्हणाले, "सीटवर ठेवली त गादीच झटका खाईन. खाली ठेव." ताटलीखाली धोतराचं फडकं अंथरलं. आमच्या वसाहतीपासून जवळच्या मावला गावापर्यंत गाडी एकाच वेगात न्यायची आणि किती दाणे उडून फडक्यावर पडले ते मोजायचं. मोजणी होईपर्यंत त्यांनी गाडीत बसायचं नाही, असं मी बजावलं होतं. ते मावल्याला बसनं गेले आणि तिथल्या टायरवाल्याच्या दुकानासमोर बाकावर वाट पाहत बसले. दाणे त्यांनी स्वतः मोजले. शंभरातले एकसष्ट उडाले होते.

टायरवाले चाचा हे सगळं पाहत होते. ते हायवेलगतच्या त्या दुकानात वीस वर्षांपासून होते. "बाबूजी, ज्वारी पेरने निकले क्या?" त्यांनी विचारलं.

मामाजींनी त्यांना हवा किती आहे ते बघायला लावलं. चाळीस पाउंड निघाली. दारावरच्या स्टिकरवर तीस लिहिलं होतं.

"हायवे पे चालीसच रखते सब," चाचा म्हणाले. "गाडी हलकी चलती, तेल कम पीती."

"अन् मानूस?" मामाजींनी मराठीतच विचारलं.

चाचांनी मान खाजवली आणि बत्तीसवर हवा आणून दिली. बारीक टायरला त्याखाली नको, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. परतीला पंचेचाळीस दाणे उडाले. फक्त हवेनं एवढा फरक पडला होता. मामाजी त्या दिवशी माझ्यासोबत गाडीतच परतले, आणि मावल्याहून घरापर्यंत त्यांनी वरची मूठ धरली नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी मनातली गोष्ट सांगितली. वर्तमानपत्रांत तेव्हा रोज जिल्ह्यांची बातमी असायची. नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली होती आणि आता दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार होणार होते. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद. कलेक्टर कचेरीत मिसलींचे गठ्ठे वेगवेगळे बांधले जात होते. माझ्या शाळेतही कोण कुठल्या जिल्ह्यात जाणार यावरून रोज वाद व्हायचे.

"नागपूर राहू दे," मामाजी म्हणाले. "मले आसिफाबादले ने. जिल्हा तुटाच्या आंदी."

आसिफाबादला त्यांचे जुने सोबती राहत होते. खात्यात ते नकाशानवीस होते. मामाजी शेतं मोजायचे आणि ते त्यावरून नकाशे काढायचे. अठरा वर्षं दोघं एका खोलीत बसले होते. आता त्यांची नजर जवळजवळ गेली होती, असं कुणाकडून तरी कळलं होतं. शेवटची भेट सासूबाई असतानाची.

आसिफाबादचा रस्ता हायवेसारखा नव्हता. गुडीहत्नूरवरून वळून उटनूर, पुढं जंगल आणि केरामेरीचा घाट. त्यासाठी गाडी आणखी मऊ करायला हवी, असं मला वाटलं. आणि इथं माझी चूक झाली. हवा कमी केल्यानं फायदा झाला तर आणखी कमी केल्यानं आणखी होईल, असा मी विचार केला. चाचांनी नको म्हटलेलं असताना शाळेजवळच्या पंपावर मी हवा चोवीसवर आणली. गावात गाडी गादीसारखी चालली. ज्वारीचे दाणे अठ्ठावीसच उडाले. मी इतकी खूश झाले की पुढच्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी मामाजींना गुडीहत्नूरपर्यंत नेऊन बघू, असं ठरवलं.

गुडीहत्नूरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला पाण्यानं भरलेला खड्डा होता. तो मला डबकं वाटला. चाक त्यात गेलं आणि असा आवाज झाला की मला वाटलं काहीतरी तुटून मागं पडलं. मामाजींच्या तोंडून एक अस्पष्ट आवाज निघाला. मी गाडी थांबवून खाली उतरले. पुढचा डावा टायर बसला होता आणि चंदेरी चाकाची कड आत वळली होती. रबर इतकं बारीक आणि हवा इतकी कमी की खड्ड्याची धार सरळ धातूला लागली होती.

मी मागचं दार उघडलं. मामाजी डोळे मिटून बसले होते, दोन्ही हात सीटवर दाबून.

"मामाजी, माझी चूक झाली," मी म्हणाले. मला रडू येत होतं. "मी हवा फार कमी केली होती."

"किती होती?"

"चोवीस."

त्यांनी मान हलवली आणि हळूहळू श्वास सोडला. स्टेपनी चढवून आम्ही कसंबसं घरी आलो, आणि ते तीन दिवस पडून होते. मी गरम पाण्याची पिशवी भरून देत होते. शनिवारी पती आले, चाक बघून चिडले. "तुझ्यावर नाही" म्हणाले, पण चाकावर हात फिरवत राहिले. म्हाताऱ्या माणसाला घेऊन प्रयोग करायची काय गरज होती, असं शेवटी म्हणालेच. त्यांचं म्हणणं मला टोचलं, कारण ते खरं होतं.

आतून मामाजींचा आवाज आला. "प्रयोग माजा होता. तिचा येकटीचा नोता."

पती आत गेले. मीही गेले. मामाजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. तसेच न वळता म्हणाले, "चोवीसचा आकडा चुकला. बाकी पैमाइश बरोबर हाये. चाकं बदला."

वाकलेलं चाक घेऊन मी चाचांकडं गेले. तोपर्यंत मी वाचून ठेवलं होतं की चौदा इंची चाकावर आणखी जाड टायर बसवला, तरी पूर्ण चाकाचा व्यास तोच राहतो. जाड म्हणजे आणखी आराम. चाचांनी एक चौदा इंची लोखंडी चाक आणून पुढं लावून बघितलं. ते बसलं, पण फिरेना. आतल्या ब्रेकला घासत होतं. "देखो बाई," चाचा म्हणाले, "कंपनीवाले भी कुछ सोच के पंद्रा लिखे होंगे."

मग आम्ही पंधरावर आलो. नवीन गाडी घेणारी तरुण मुलं साधी लोखंडी चाकं काढून चाचांकडं टाकून जायची आणि चकचकीत चाकं लावून घ्यायची. दुकानामागं अशा चाकांची रास होती. त्यातून चार सारखी निवडली, त्यांवर १८५/६५ चे नवे टायर चढवले. चंदेरी चाकांच्या बदल्यात चाचांनी टायरमध्ये सूट दिली. गाडी एकदम साधी दिसू लागली, वधूनं दागिने उतरवून ठेवावेत तशी. चाचांनी तीस पाउंड हवा भरली आणि स्वतःच म्हणाले, "ज्वारी लाए क्या?"

मी आणली होती. एकोणीस दाणे उडाले. पण गावातल्या चोवीसच्या आकड्यानं मला शहाणं केलं होतं. या वेळी मी एकटीनं गुडीहत्नूरच्या पुढं, खराब रस्त्यावर, दोनदा गाडी नेऊन आणली. मगच घरी येऊन सांगितलं.

या सगळ्यात दसरा होऊन गेला होता. जिल्ह्याचे चार तुकडे झाले होते. मामाजींना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण ते म्हणाले, "मिसली पोचल्या असतीन. आता मानसं जाऊ द्या."

आम्ही दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी सकाळी निघालो. कापूस फुटायला लागला होता, इंद्रवेल्लीजवळ बाया वेचणीला वाकल्या होत्या. मी मधूनमधून आरशात पाहत होते. उटनूरपर्यंत मामाजी ताठ बसले होते, धक्क्याची वाट बघत असल्यासारखे. उटनूरच्या पुढं त्यांनी पाठ टेकली. केरामेरीच्या घाटात मी अगदी हळू चालवत होते, तरी वळणांवर गाडी पूर्वीपेक्षा थोडी झुकते हे मला जाणवलं. मऊपणाची ती किंमत होती. एका ठिकाणी रस्ता उखडलेला होता. मी गिअर खाली घेतला. गाडी खाली गेली, वर आली. मागून काहीच आवाज आला नाही. थोड्या वेळानं मामाजी म्हणाले, "इथं साग लई तोडला."

नकाशानवीस चाचा आसिफाबादला मुलाच्या घरी ओसरीवर बसले होते. पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड काळा चष्मा. मामाजींच्या काठीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"कौन?"

मामाजींनी नाव सांगितलं नाही. म्हणाले, "साडे तीन जरीब, नाले के इस तरफ."

जरीब म्हणजे मोजणीची साखळी. नकाशानवीस चाचा एकदम ओरडलेच, "उस तरफ! मैं तब भी बोला था, नाले के उस तरफ!" आणि उठायला लागले. मुलानं धरलं. दोघं एकमेकांच्या खांद्यांना धरून उभे राहिले, एकाला दिसत नव्हतं आणि एकाला वाकता येत नव्हतं. पुढचा तासभर ते कुठल्याशा गावच्या नाल्यावरून भांडत होते. पन्नास वर्षांपूर्वीचा वाद, आणि दोघांनाही सगळे आकडे पाठ. मी चहा पीत ऐकत होते. घरी तीन वाक्यं बोलणारा माणूस हाच का, असं मनात येत होतं.

निघायच्या वेळी नकाशानवीस चाचांनी माझ्याकडं तोंड करून विचारलं, "बहू, गाडी में जगह है? मेरेकू मेरा जिल्हा देखना है."

मुलगा म्हणाला, अब्बा, दिसत नाही तर काय बघणार? त्यावर ते म्हणाले, "तुम लोग पढ़ो, मैं सुनूँगा."

मग मी दोघांना मागं बसवून गावातून फिरवलं. मला तेलुगू बोलता येतं, पण वाचायला वेळ लागतो. गाडी हळू चालवत मी एकेक पाटी वाचायची, मामाजी दुरुस्त करायचे. जिल्हा कचेरी एका जुन्या इमारतीत सुरू झाली होती, पाटीचा रंग अजून ताजा होता. आदिवासी नेत्याचं नाव जिल्ह्याला दिलं होतं, ते मी दोनदा वाचलं. नकाशानवीस चाचा प्रत्येक वळणावर "अब बाएँ लिया? अब पोस्ट के पास?" असं विचारत होते आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत होते. एका गल्लीत फरशा उखडल्या होत्या, तिथून गाडी नेली तेव्हा म्हणाले, "ये गली तो बहुत खराब थी. बन गई क्या?"

मामाजी पुढच्या सीटवर हात ठेवून माझ्याकडं झुकले. "सांगू नको त्याले," ते हळूच म्हणाले.

त्यांना घरी सोडून आम्ही परत निघालो. घाट चढेपर्यंत मामाजींना झोप लागली होती. घरी पोचल्यावर ते त्या संध्याकाळी पडून राहिले. मी रात्रभर काळजीत होते, पण सकाळी उठून पाहिलं तर अंगणात झाडांना पाणी घालत होते. आठवड्याभरानं त्यांनी विचारलं, "नागपूरचा डॉक्टर कोन्या दिवशी बसते?"

दिवाळीत पतींनी गाडी हायवेवर चालवून पाहिली. परत आल्यावर चाव्या टेबलावर ठेवून म्हणाले, "वळणावर जरा डुलते."

"हो," मी म्हणाले, "डुलते."

त्यांनी बाह्या दुमडल्या. "पण बाबा मागं झोपले होते," असं म्हणून हात धुवायला गेले. चंदेरी चाकांचा विषय मग निघाला नाही.

डिसेंबरात एकदा मामाजींना घेऊन मी रेल्वे फाटकाशी थांबले होते. स्टेशनात गाडी येत होती. डबे संथपणे पुढून गेले. मामाजी काचेतून चाकांकडं टक लावून बघत होते. शेवटचा डबा गेल्यावर म्हणाले, "सूनबाई, रेल्वेचं चाक सारं लोखंडाचं. रबर इतकुसं बी नाई. मंग तिच्यात पाठ काऊन नाई दुखत?"

 रूळ सपाट असतात म्हणून, असं मी म्हणाले.

"रुळाले बी सांधे असतात. मी ऐकले हायेत."

फाटक उघडलं. मागची ऑटोवाली मंडळी हॉर्न वाजवायला लागली. मी गाडी पुढं घेतली आणि म्हणाले, बघून सांगते. उत्तर डब्यांखालच्या स्प्रिंगांत होतं, पण ते शोधायला आम्हांला दोन आठवडे लागले, आणि त्यासाठी एकदा दोघांना किनवटपर्यंत पॅसेंजरनं जाऊन यावं लागलं.